छोट्या झूम कॅमेऱ्याची रोजची सेटिंग्ज: झूम ताणला की फोटो मऊ का येतात?

प्रश्न

नमस्कार. माझ्याकडे खिशात मावणारा, ३० पट झूमचा डिजिटल कॅमेरा आहे. सेन्सर १/२.३ इंच गटातला आणि १८ मेगापिक्सेलचा आहे. झूमचा पल्ला फुल फ्रेमच्या (३५ मिलिमीटर फिल्मच्या मापाच्या सेन्सरच्या) हिशेबात २४ ते ७२० मिलिमीटर भरतो, आणि ॲपर्चर (भिंगाचे छिद्र; आकडा जितका मोठा तितके छिद्र लहान) वाइड टोकाला, म्हणजे झूम न करता, एफ/३.३ तर झूमच्या शेवटी एफ/६.४ असते. मोठा कॅमेरा गळ्यात अडकवून हिंडण्याची हौस आता उरलेली नाही, म्हणून हा घेतला आणि गेले आठ महिने तो रोज बरोबर बाळगतो आहे.

प्रत्येक फोटोआधी मेन्यूत शिरणे मला जमत नाही. म्हणून कॅमेरा हाती आल्यावर दोन संध्याकाळी बसून सगळा मेन्यू वाचला आणि सेटिंग्ज एकदाच लावून टाकली. मोड प्रोग्रॅम, म्हणजे ‘पी’ (शटर आणि ॲपर्चर कॅमेराच ठरवतो). आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता, ऑटो, पण वरची मर्यादा ४००, कारण लहान सेन्सरवर त्यापुढे फोटो रवाळ होतो असे जिथे तिथे वाचले होते. फोकसचा बिंदू कॅमेऱ्यानेच निवडायचा, फ्लॅश ऑटो, आणि आकाश पांढरे पडू नये म्हणून एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (चित्र मुद्दाम उजळ किंवा गडद करण्याची सोय) कायमचे उणे २/३.

वाइडला काढलेले फोटो चांगले येतात. झूम पूर्ण ताणला की मात्र दहातले सहा-सात फोटो मऊ निघतात. परवा संध्याकाळी समोरच्या छताच्या कडेला एक कबूतर अगदी शांत बसले होते. स्क्रीनवर फोटो झकास वाटला, पण संगणकावर मोठा करून पाहिला तर मानेवरची पिसे एकात एक मिसळलेली, आणि डोळ्यात प्रकाशाचा जो ठिपका दिसायला हवा होता त्याची एक छोटी तिरपी रेघ झालेली. फोटोसोबत नोंदली गेलेली माहिती अशी: १/६० सेकंद, एफ/६.४, आयएसओ ४००.

भिंगातच दोष आहे का, हा माझा पहिला प्रश्न. नसेल, तर रोजच्या वापरासाठी अशी कोणती सेटिंग्ज ठेवावीत की ज्यांना वरचेवर हात लावावा लागणार नाही? आणि रॉ, म्हणजे सेन्सरवरची कच्ची माहिती साठवणाऱ्या, स्वरूपात फोटो काढल्याने यात काही फरक पडेल का?

प्रतिसाद १

आपल्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर त्या तिरप्या रेघेतच आहे. मऊ फोटो तीन कारणांनी निघतो आणि मोठा करून पाहिल्यास तिन्ही कारणे वेगवेगळी ओळखू येतात. चित्रातला प्रत्येक ठिपका एकाच दिशेने ओढला गेला असेल, तर कॅमेरा हललेला असतो. छताची कडा रेखीव असून फक्त पक्षी फरफटलेला दिसत असेल, तर पक्षी हललेला असतो. आणि पक्षी धूसर, पण त्याच्या पुढची किंवा मागची एखादी वस्तू स्वच्छ दिसत असेल, तर फोकस चुकलेला असतो. भिंगाचा दोष यातल्या कशासारखाच दिसत नाही. तो बहुधा चित्राच्या एकाच बाजूला किंवा एकाच कोपऱ्यात, प्रत्येक फोटोत त्याच जागी येतो. आपला फोटो हललेला आहे, आणि तो हलण्यामागे आपण मोठ्या काळजीने लावलेली ४००ची मर्यादा आहे.

हिशेब असा आहे. एफ/३.३ वरून एफ/६.४ वर गेल्यावर भिंगातून आत येणारा प्रकाश जवळजवळ चौथ्या हिश्शावर येतो. म्हणजे ज्या उजेडात वाइडला १/२५० सेकंद मिळत होते, त्याच उजेडात झूमच्या टोकाला १/६० उरते. दुसरीकडे, हातात धरलेल्या कॅमेऱ्यासाठी जुना ठोकताळा असा की शटरचा वेग नाभीय अंतराच्या (झूमच्या मिलिमीटरच्या आकड्याच्या) व्यस्त असावा: २४ मिलिमीटरला १/२५ चालतो, तर ७२०ला १/७२० लागतो. झूम एका हाताने प्रकाश काढून घेतो आणि दुसऱ्या हाताने ३० पट वेग मागतो. कॅमेऱ्यातले स्टेबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी यंत्रणा) यात तीनेक स्टॉपची (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) मदत करते असे धरले, तर १/७२० चे काम १/९० वर भागते. पण तेही हात स्थिर असेल तर. आपण १/६० ला होतात, म्हणजे काठाच्या थोडे पलीकडे, आणि म्हणूनच दहातले तीन-चार फोटो बरे येतात आणि बाकीचे येत नाहीत.

कॅमेरा यात काहीच बोलत नाही, ही त्याची खरी खोड आहे. आयएसओ ४००ला पोचले की त्याच्या हाती शटरचा वेग कमी करण्यावाचून काही उरत नाही, आणि तो निमूटपणे १/६०, १/३०, १/१५ असा उतरत जातो. काही कॅमेरे थरथरणाऱ्या हाताचे चिन्ह दाखवतात, पण ते पाहण्याच्या मनःस्थितीत आपण त्या क्षणी नसतो.

माझा सल्ला असा की मर्यादा ४०० वरून १६०० वर न्यावी. त्याने १/६० चे १/२५० होतात. रवाळपणा वाढेल, हे खरे आहे. पण तो किती दिसेल हे फोटो कुठे पाहणार यावर ठरते. १० बाय १५ सेंटिमीटरच्या छापील फोटोला किंवा साध्या एचडी पडद्याला सुमारे २० लाख पिक्सेल पुरतात, आणि आपल्या चित्रात १ कोटी ८० लाख आहेत. छापताना आठ-नऊ पिक्सेलांची सरासरी होऊन एक ठिपका तयार होतो आणि त्या सरासरीत बराचसा रवा विरघळतो. हललेल्या फोटोचे तसे होत नाही. पिसांच्या कडा एकदा पुसल्या गेल्या की त्या परत आणण्याचा उपाय नाही.

भिंगाबद्दलची शंका मनातून काढून टाकायची असेल तर एक चाचणी करावी. बारीक मजकुराचा छापील कागद भिंतीवर सपाट चिकटवून आठ-दहा मीटरवरून, पूर्ण झूमला, कॅमेरा टेबलावर पुस्तकांच्या चवडीवर टेकवून, आयएसओ ८० आणि दोन सेकंदांचा सेल्फ टायमर लावून त्याचा फोटो काढावा. टायमर अशासाठी की बटण दाबताना बोटाने दिलेला धक्का शटर उघडण्याआधी विरून जातो. अक्षरे वाचता आली तर भिंग निर्दोष आहे.

प्रतिसाद २

वरील निदान मला मान्य आहे, पण १६०० हे उत्तर मी इतक्या मोकळेपणाने दिले नसते. १/२.३ इंच सेन्सर म्हणजे प्रत्यक्षात साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटर, करंगळीच्या नखाहून लहान. (या नावातल्या ‘इंचा’चा सेन्सरच्या मापाशी थेट संबंध नाही. जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांतल्या काचेच्या नळीच्या बाहेरच्या व्यासावरून ती मोजणी आली आणि नळ्या गेल्यावरही चिकटून राहिली.) एवढ्याशा जागेवर १६००ला कॅमेरा रवा घालवण्यासाठी जेपेग चित्र इतके घासतो की केस, गवत आणि पिसे मेणाची वाटू लागतात. मेन्यूत ‘नॉइज रिडक्शन’ची पायरी असेल तर ती एक-दोन घर खाली आणावी. थोडा रवा दिसेल, पण पोत टिकेल. रोजची मर्यादा मी ८०० ठेवीन आणि १६०० फक्त अडल्या वेळी.

शिवाय आयएसओ वाढवण्याआधी करण्यासारख्या दोन गोष्टी फुकट आहेत. पहिली म्हणजे झूम कमी करणे. ३० पट झूम आहे म्हणून तो शेवटपर्यंत न्यायलाच हवा असे नाही. ४०० मिलिमीटरला थांबून नंतर कापून घेतलेले चित्र पुष्कळदा ७२०च्या हललेल्या चित्रापेक्षा जास्त तपशील देते, आणि चार पावले पुढे जाता आले तर त्याहून उत्तम. दुसरी गोष्ट म्हणजे कॅमेरा धरण्याची पद्धत. हे कॅमेरे आपण हात पुढे करून, स्क्रीनकडे पाहत धरतो, आणि ताठ केलेल्या हाताच्या टोकाला कोणतीही वस्तू डोलतेच. कोपरे बरगड्यांना टेकवावीत, किंवा गळ्यातला पट्टा ताणला जाईल इतका कॅमेरा पुढे ढकलावा. तो ताण तिसऱ्या हातासारखा काम करतो. बटण आधी अर्धे दाबून फोकस लागू द्यावा, श्वास अर्धा सोडून थांबवावा आणि मग उरलेले बटण दाबावे. सोबत लहानसा बर्स्ट (एकदा बटण दाबून लागोपाठ काही फोटो) ठेवला तर तीन-चार फोटोंतला मधला एखादा हमखास स्थिर निघतो, कारण बोटाचा धक्का पहिल्याच फोटोत खर्ची पडतो.

आता बाकीच्या सेटिंग्जबद्दल. डिजिटल झूम बंद असावा. तो कॅमेऱ्याच्या आत चित्र कापून फुगवतो, आणि ते काम संगणकावर जास्त निगुतीने होते. फ्लॅश ऑटोवर ठेवू नये, बंदच ठेवावा आणि हवा तेव्हा हाताने चालू करावा. या एवढ्याशा फ्लॅशचा उजेड वाइडला चार मीटर पोचत असेल तर त्याच आयएसओला झूमच्या टोकाला जेमतेम दोन मीटर पोचतो, त्यामुळे लांबच्या छतावरच्या कबुतरासाठी तो उडाला काय आणि न उडाला काय. याउलट भर उन्हात, टोपीखाली किंवा खिडकीकडे पाठ करून बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यासाठी तोच फ्लॅश दीड मीटरवरून फार कामाचा ठरतो, आणि नेमके तेव्हा ऑटो त्याला झोपवून ठेवते. व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगानुसार चित्राचे रंग सावरणारी सेटिंग) ऑटोवर असू द्यावा. मावळतीच्या रंगांसाठी तेवढा ‘डेलाइट’ करावा, नाहीतर कॅमेरा ती नारिंगी छटा दोष समजून धुऊन टाकतो. चित्राचा आकार पूर्ण आणि जेपेगचा दर्जा सर्वांत वरचा ठेवावा.

फोकसचा बिंदू कॅमेऱ्यावर सोडणे वाइडला चालून जाते, कारण तिथे चूक करायला जागाच नाही. २४ मिलिमीटरच्या दृश्याला या सेन्सरवर भिंगाचे खरे नाभीय अंतर असते ४.३ मिलिमीटर. एफ/३.३ ला साधारण १.१ मीटरवर फोकस केला, तर अर्ध्या मीटरच्या थोडे पुढून क्षितिजापर्यंत सगळे पुरेसे रेखीव येते. त्याच कॅमेऱ्यात झूमच्या टोकाला, १० मीटरवरच्या पक्ष्याभोवती, रेखीव पट्टा जेमतेम ४० सेंटिमीटरचा उरतो. तिथे कॅमेरा पक्ष्याऐवजी पुढची डहाळी पकडतो आणि आपण भिंगाला दोष देत बसतो. म्हणून झूमसाठी मधला एकच बिंदू, आणि माणसांसाठी चेहरा ओळखण्याची सोय.

वाइडला सगळे आधीच रेखीव येते, याच कारणाने ‘ए’ मोडमध्ये (ॲपर्चर आपण ठरवायचे) जाऊन ॲपर्चर बारीक करण्याचा मोह या कॅमेऱ्यात टाळावा. एफ/८ ला प्रकाशाच्या विवर्तनाने (बारीक छिद्रातून जाताना तो फाकतो त्याने) प्रत्येक बिंदूचे वर्तुळ १० मायक्रॉनच्या आसपास पसरते, आणि आपल्या सेन्सरचा एक पिक्सेल सव्वा मायक्रॉनचा आहे. मोठ्या कॅमेऱ्यावर ‘निसर्गदृश्याला एफ/८’ ही सवय लागलेली असते (मला होती), पण इथे तिने चित्र नुसतेच मऊ होते आणि शटर मंदावते ते वेगळेच. ॲपर्चर शक्य तितके मोठे राहू द्यावे. प्रोग्रॅम मोड मंद उजेडात तेच करतो, म्हणून आपली ‘पी’ची निवड योग्यच आहे.

रॉबद्दल एवढेच म्हणेन की हललेला फोटो रॉमध्येही हललेलाच राहतो. आधी फोटो स्थिर येऊ द्यात. रवा आणि रंग मनाजोगते सावरण्यासाठी रॉ उपयोगी आहे, पण तो पुढचा टप्पा.

प्रतिसाद ३

वरच्या दोघांनी कोणती सेटिंग्ज ठेवावीत ते सांगितले आहे. मी फक्त विसरलेल्या सेटिंगबद्दल लिहितो, कारण माझे सर्वांत जास्त नुकसान तिनेच केले आहे. एका रात्री बल्बच्या उजेडात घरातल्या वस्तूंचे फोटो काढताना व्हाइट बॅलन्स ‘बल्ब’वर आणि आयएसओ ८०वर पक्का केला होता. दुसऱ्या दिवशी एका लग्नात सबंध सकाळ त्याच सेटिंग्जवर फोटो काढले. उन्हातले सगळे चेहरे निळे पडले आणि सावलीतले सगळे हलले. स्क्रीन उन्हात नीट दिसत नव्हती, त्यामुळे घरी येईपर्यंत पत्ता लागला नाही.

तेव्हापासून मी मोडच्या चक्रीवरच्या ‘सी’ घरांचा उपयोग करतो. आपल्या कॅमेऱ्यावर ‘सी १’, ‘सी २’ किंवा तत्सम घरे असतील, तर तिथे संपूर्ण मांडणी साठवता येते. चक्री त्या घरावर फिरवली, किंवा कॅमेरा बंद करून पुन्हा चालू केला, की मध्ये केलेले किरकोळ बदल पुसले जाऊन साठवलेली मांडणी परत येते. (एखाद्या कॅमेऱ्यात हे वर्तन मेन्यूतून निवडावे लागते, तेवढे तपासावे.) माझ्या पहिल्या घरात प्रोग्रॅम मोड, चेहऱ्यावर फोकस, आयएसओची मर्यादा ८०० आणि फ्लॅश बंद. दुसऱ्या घरात शटर प्रायॉरिटी, म्हणजे शटरचा वेग आपण ठरवण्याचा ‘एस’ मोड (कॅननच्या चक्रीवर त्याला ‘टीव्ही’ म्हणतात), वेग १/२५०, मधला एकच बिंदू, मर्यादा १६०० आणि छोटा बर्स्ट. झूम अर्ध्याच्या पुढे नेताना अंगठ्याने चक्री एक घर सरकवायची, एवढीच सवय लावून घ्यावी लागली. ८०० की १६०० हा वरचा वाद माझ्यापुरता त्यामुळेच मिटला आहे. दोन वेगळ्या कामांना दोन वेगळ्या मर्यादा.

ट्रायपॉडवर फोटो काढत असाल तर स्टेबिलायझेशन बंद करावे आणि नंतर आठवणीने चालू करावे. हीही विसरण्यातलीच गोष्ट. आणि घड्याळ बरोबर लावलेले असू द्या, पण चित्रावर तारीख छापण्याची सोय बंद ठेवा. तारीख फाइलच्या आत नोंदली जातेच, चित्रावर छापलेली मात्र पुसता येत नाही.

प्रश्नकर्ता

तिघांचेही मनापासून आभार. कागदाची चाचणी केली. पुस्तकांच्या चवडीवरून, आयएसओ ८०ला, दहा मीटरवरून तळटिपेतली अक्षरेसुद्धा वाचता आली, आणि चारही कोपरे सारखेच रेखीव आले. भिंगावर आठ महिने उगीच संशय घेतला. मग तोच कागद हातात कॅमेरा धरून, १/६०ला दहा वेळा टिपला. तीन फोटोंत अक्षरे वाचता आली, सातात नाही. मर्यादा १६०० करून आणि कॉम्पेन्सेशन शून्यावर आणून पुन्हा दहा फोटो काढले. वेग १/१६० मिळाला, आणि आठ फोटो वाचता आले. १६००च्या चित्रात कागदाचा पांढरा भाग दाणेदार दिसतो, पण अक्षरांच्या कडा जागच्या जागी आहेत. पट्टा ताणून धरण्याची युक्ती विशेष उपयोगी पडली.

कॅमेऱ्यात ‘सी’ची घरे आहेत आणि ती आठ महिने कोरी होती. आता दोन भरली आहेत. एकच शंका उरते. कॉम्पेन्सेशन शून्यावर आणले म्हणून वेग १/२५० ऐवजी १/१६० मिळाला, असे दिसते. मग उणे २/३ ठेवणे झूमसाठी फायद्याचेच नव्हते का? आणि शून्यावर आकाश पुन्हा पांढरे पडू लागले आहे.

प्रतिसाद १

आपले निरीक्षण बिनचूक आहे. उणे २/३ नसते तर कबुतराचा तो फोटो १/४० ला निघाला असता. पण तो वेग फुकट मिळालेला नाही. चित्र तेवढे काळे पडले, आणि आपण ते संगणकावर उजळले की सावलीतला रवा जवळपास तेवढाच वर येतो जेवढा आयएसओ वाढवल्याने आला असता. म्हणून वेग हवा असेल तर तो उघडपणे आयएसओकडून घ्यावा, आणि कॉम्पेन्सेशनकडे फक्त उजेड-अंधाराचे काम ठेवावे.

कॉम्पेन्सेशन कायमचे कोणत्याही आकड्यावर ठेवू नये असे मला वाटते, कारण कॅमेऱ्याची चूक एकाच दिशेची नसते. त्याच्या मापकाला समोर काय आहे हे ठाऊक नसते. दृश्याची सरासरी मध्यम करडी असावी, एवढेच त्याचे गृहीत असते. फ्रेममध्ये बहुतांश पांढरी भिंत असेल तर तो तिला करडी करतो, तेव्हा अधिक २/३ किंवा अधिक १ लागते. गडद झाडोऱ्यापुढे पांढरा पक्षी असेल तर तो झाडोरा उजळायला जातो आणि पक्ष्याची पिसे पांढऱ्या डागासारखी होतात, तेव्हा उणे १ लागते. आपले कबूतर आकाशापुढे बसले असेल तर ते सावलीसारखे काळे येईल, आणि तेव्हा आपले कायमचे उणे २/३ नेमके उलट काम करील. ढगाळ आकाशाचा अर्धा भाग फ्रेममध्ये असेल, तर आकाश आणि जमीन दोन्ही सांभाळणे एवढ्या लहान सेन्सरला झेपतच नाही. काय वाचवायचे ते आपणच ठरवावे लागते.

सुदैवाने ही एक गोष्ट मेन्यूत शिरल्याशिवाय करता येते. बहुतेक कॅमेऱ्यांवर तिच्यासाठी मागच्या कळीवर अधिक-उण्याचे चिन्ह असते. स्क्रीनवर हिस्टोग्राम (डावीकडे गडद, उजवीकडे उजळ भाग दाखवणारा आलेख) चालू ठेवावा. आलेख उजव्या भिंतीवर आदळून उंच चढलेला दिसला की एक-दोन घर उणे करावे, आणि उजवीकडे बरीच जागा मोकळी राहिली असेल तर अधिक. स्क्रीनवरच्या चित्राच्या उजेडावर विसंबू नये, कारण उन्हात ते नेहमी काळे भासते आणि अंधारात नेहमी तेजस्वी. दोन्ही ‘सी’ घरांत कॉम्पेन्सेशन शून्यच साठवा, म्हणजे ढगांसाठी केलेले उणे रात्रीच्या फोटोंपर्यंत बरोबर येणार नाही.

प्रश्नकर्ता

दोन्ही घरांत शून्य साठवले. आज सकाळी कबूतर त्याच कडेला होते: १/२५०, आयएसओ ५००, अधिक २/३. डोळ्यातला ठिपका गोल आला आहे.